अ‍ॅनिलीनमधली नीळ

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी एक विनोद ठरलेला असे. मी फळ्यावर 'अ‍ॅनिलीन' हा शब्द लिहिला की मागच्या बाकावरून कुणीतरी वर्गातल्या एखाद्या अनिलकडे बघून खाकरायचं. पोरं हसायची, अनिल लाजायचा आणि मीही हसून पुढच्या समीकरणाकडे वळायचो. चौतीस वर्षं शिकवलं, म्हणजे तीसेक वेळा तरी हा विनोद झाला असेल. अनिल म्हणजे वारा, त्याचा या तेलकट द्रवाशी काही संबंध नाही, एवढं मला माहीत होतं. पण मग हे नाव आलं कुठून? ते मी कधी सांगितलं नाही, कारण मलाच ते ठाऊक नव्हतं. अभ्यासक्रमात नव्हतं, परीक्षेला येत नव्हतं. एका वर्षी एका मुलीनं उभं राहून सरळ विचारलं, "सर, हे नाव कशावरून पडलं?" मी "जर्मन शब्द आहे" असं सांगून वेळ मारून नेली. तास संपल्यावर मात्र ग्रंथालयात गेलो, जाडजूड कोश काढला आणि वाचून चक्क ओशाळलो. शब्द जर्मन भाषेत घडलेला होता खरा, पण त्याचं मूळ आपल्या घरातलं होतं. नीळ!

अ‍ॅनिलीन म्हणजे काय, ते आधी सांगतो. रेडिओवर फळा नसतो, तेव्हा सूत्र डोळ्यांपुढे आणा. सहा कार्बन अणूंचं षटकोनी कडं, म्हणजे बेंझीन. त्याच्या एका कोपऱ्यावरचा हायड्रोजन काढून तिथं एक नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन यांचा जोडगट बसवला की झालं अ‍ॅनिलीन. ताजं असेल तर जवळजवळ रंगहीन. बाटलीत राहिलं की हवेनं आणि उजेडानं आधी पिवळट, मग तांबूस, शेवटी काळपट होतं. वास सडक्या माशाच्या जातीचा. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी आमचे लॅब असिस्टंट ते ऊर्ध्वपातन करून स्वच्छ करून ठेवत. मग बर्फात थंड केलेल्या परीक्षानळीत आम्ल आणि सोडियम नायट्राइट घालायचं, त्यात बीटा नॅफ्थॉलचं द्रावण ओतायचं, आणि डोळ्यांदेखत नारिंगी-लाल रंग उमटायचा. त्या क्षणी मागच्या बाकावरची मंडळीही पुढे यायची. बाटलीत माशासारखा वास मारणारा हा पदार्थ रंगांचा बाप आहे, हे त्या एका नळीत पटायचं.

आता नावाकडे. संस्कृतात नील म्हणजे गडद निळा, आणि नीली म्हणजे निळीचं झुडूप. पंचतंत्रातला तो कोल्हा आठवा. कुत्र्यांना भिऊन पळताना रंगाऱ्याच्या निळीच्या पिंपात पडला आणि जंगलात राजा होऊन बसला. हा नील शब्द व्यापाऱ्यांबरोबर इराणात गेला, तिथून अरबीत. अरबीत नामाआधी 'अल' हे उपपद लावतात. पुढे 'न' आला की त्यातला 'ल' बोलताना न होतो, म्हणून 'अल-नील'चं झालं 'अन्-नील'. पोर्तुगीजांनी हा शब्द उपपदासकट उचलला आणि 'अनिल' केला. अल्कोहोल, अल्जिब्रा या शब्दांचं जसं झालं तसंच. म्हणजे अ‍ॅनिलीनमधला पहिला 'अ' अरबांचा आणि पुढची 'नील' आपली. गंमत अशी की या रंगाचं दुसरं नाव इंडिगो, तेही इथलंच. ग्रीक त्याला 'इंडिकॉन' म्हणत, म्हणजे हिंदुस्थानचं. एक नाव देशावरून, दुसरं रंगावरून. पण माल एकच. पुढे स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांबरोबर 'अनिल' अमेरिकेत पोचला आणि तिथल्या एका निळीच्या झुडपाचं शास्त्रीय नाव 'इंडिगोफेरा अनिल' असं ठेवलं गेलं. शब्द इकडचा, झाड तिकडचं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे ते नाव बदललं, पण तोवर ते रसायनशास्त्रात शिरलं होतं.

ते कसं शिरलं, ती हकिकत मजेची आहे. या एका पदार्थाची चार बारशी झाली. 1826 साली ओटो उनफरडोर्बेन या जर्मन माणसानं नीळ तापवून तिचं ऊर्ध्वपातन केलं. एक तेलकट द्रव मिळाला. आम्लांबरोबर त्याचे सुरेख स्फटिक होत, म्हणून नाव दिलं 'क्रिस्टलिन'. 1834 साली फ्रीडलीब रुंगे यानं दगडी कोळशाच्या डांबरातून एक द्रव काढला. ब्लीचिंग पावडर घातली की तो निळाजांभळा होई, म्हणून ग्रीक शब्दावरून 'क्यानोल', म्हणजे निळं तेल. (कॉफीतलं कॅफीन शोधणारा रुंगे तो हाच. कवी गटे यानं त्याला कॉफीच्या बिया दिल्या आणि यात काय आहे ते शोध म्हणून सांगितलं. रसायनशास्त्रज्ञाच्या हाती कवीनं असं नेमकं काम सोपवल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.) मग 1840 साली सेंट पीटर्सबर्गला कार्ल यूलियुस फ्रिट्शे यानं नीळ दाहक पोटॅशबरोबर तापवली आणि मिळालेल्या द्रवाला त्या झुडपाच्या नावावरून 'अनिलिन' म्हटलं. 1842 साली कझानच्या निकोलाय झिनिननं नायट्रोबेंझीनपासून एक द्रव बनवला आणि नाव दिलं 'बेंझिडाम'.

चौघांनाही वाटत होतं, आपण नवं काही शोधलं. 1843 साली ऑगस्ट विल्हेल्म होफमान या तरुण रसायनशास्त्रज्ञानं चारही द्रव तपासून दाखवून दिलं की बाबांनो, हा एकच पदार्थ आहे. चार नावांतलं टिकलं ते फ्रिट्शेचं. पुढे रसायनशास्त्रात नावं ठेवण्याची शिस्तशीर पद्धत आली. तिच्या हिशेबानं याला 'बेंझीनअमाइन' म्हणायला हवं. पण नावांचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2013 च्या नियमावलीतही 'अ‍ॅनिलीन' हेच नाव पसंतीचं म्हणून कायम ठेवलं. शिस्तीपुढे सवय जिंकली, आणि आपली नीळ वाचली.

आत्ता लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे या चार वाटांपैकी दोन निळीपासून निघतात आणि दोन कोळशापासून. (झिनिनच्या नायट्रोबेंझीनचं बेंझीनही पुढे कोळशाच्या डांबरातूनच मिळू लागलं.) होफमाननं जेव्हा 'हे एकच' म्हटलं, तेव्हा बिहार-बंगालच्या शेतातलं झुडूप आणि गॅसच्या कारखान्यामागे साचणारं काळं डांबर यांच्यामध्ये पूल पडला. त्या पुलावरून पुढे काय काय येणार आहे, याची त्या वेळी कुणालाच कल्पना नव्हती.

1845 साली होफमान लंडनला शिकवायला गेला. त्याच्या हाताखाली विल्यम हेन्री पर्किन नावाचा मुलगा होता. 1856 च्या ईस्टरच्या सुट्टीत या अठरा वर्षांच्या पोरानं घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवायचा घाट घातला. हिवतापावरचं हे औषध सिंकोना झाडाच्या सालीतून मिळे, आणि ब्रिटिशांना हिंदुस्थानासारख्या मुलखात ते हवंच होतं. अ‍ॅनिलीनवर पोटॅशियम डायक्रोमेटचा प्रयोग केल्यावर हाती आला काळा गाळ. तो अल्कोहोलमध्ये विरघळवला तर जांभळा रंग! क्विनीन राहिलं बाजूला, जगातला पहिला यशस्वी कृत्रिम कापडी रंग सापडला. त्याचं नाव मॉव्ह. पर्किनच्या अ‍ॅनिलीनमध्ये टोल्युइडीन नावाची भेसळ होती. अ‍ॅनिलीन शुद्ध असतं तर हा रंग मिळालाच नसता. ही गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगायचो, पण तिचा भलता अर्थ काढून पोरं बाटल्या धुवायचा कंटाळा करू लागली, तेव्हा थांबवली.

यानंतर 'अ‍ॅनिलीन' हा शब्द प्रयोगशाळेबाहेर पडला आणि शब्द बाहेर पडले की सैल होतात, तसा तोही सैल झाला. डांबरातून निघणाऱ्या कुठल्याही कृत्रिम रंगाला लोक 'अ‍ॅनिलीन रंग' म्हणू लागले, त्यात अ‍ॅनिलीनचा थेंब असो वा नसो. आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट 'डालडा' म्हणत, तसंच हे. चामड्याच्या व्यापारात 'अ‍ॅनिलीन लेदर' म्हणजे ज्यावर रंगाचा जाड थर दिलेला नाही, कातड्याची मूळ खूण दिसते असं चामडं. तिथंही अर्थ आता रंगवण्याच्या पद्धतीपुरता उरला आहे. आणि कंपन्यांची नावं! गाणी भरून घ्यायला आपण ज्या 'बीएएसएफ'च्या कॅसेटी आणायचो, ती 1865 साली स्थापन झालेली जर्मन कंपनी. अक्षरांचा अर्थ, बाडेन प्रांताचा अ‍ॅनिलीन आणि सोडा कारखाना. 'आग्फा' कॅमेऱ्याच्या कंपनीचं पूर्ण नावही 'अ‍ॅनिलीन-निर्मिती कंपनी' असंच होतं. म्हणजे लग्नाचे फोटो आणि भीमसेन जोशींच्या मैफली आपण निळीच्या नावानं जपत होतो, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

जांभळा झाला, किरमिजी झाला. आता रंगांचा राजा उरला होता, खुद्द नीळ. आडोल्फ फॉन बायर यानं 1880 साली ती प्रयोगशाळेत बनवली आणि 1883 साली तिची रचना उलगडली. पण शेतातल्या निळीपेक्षा स्वस्त बनवणं हे वेगळंच काम होतं. 1890 साली झुरिकच्या कार्ल हॉयमाननं वाट दाखवली आणि बीएएसएफनं तिच्यावर अठरा दशलक्ष मार्क ओतले. त्यात एक मोलाची मदत एका फुटक्या थर्मामीटरनं केली असं सांगतात. नॅफ्थॅलीन, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, तीव्र गंधकाम्लात तापवताना थर्मामीटर फुटला, पारा सांडला आणि सुस्त चाललेली क्रिया झपाट्यानं पुरी झाली. या वाटेवर मधला टप्पा असतो अँथ्रॅनिलिक आम्लाचा. नावाची फोड करा: 'अँथ्रा' म्हणजे ग्रीकमध्ये कोळसा, पुढे 'अनिल'. हेही नाव फ्रिट्शेनंच 1841 साली ठेवलेलं. कोळसा आणि नीळ यांना त्यानं एका शब्दात शेजारी बसवलं, ते पन्नास-पंचावन्न वर्षांनी कारखान्यात खरं झालं. 1897 साली कृत्रिम नीळ बाजारात आली. लगेच 1901 साली योहानेस फ्लेगरनं आणखी सुधारणा केली, आणि तिथं कच्चा माल होता सरळ अ‍ॅनिलीन. 1840 साली निळीपासून अ‍ॅनिलीन काढलं होतं; एकसष्ट वर्षांत अ‍ॅनिलीनपासून नीळ निघू लागली.

आमच्या कॉलेजात माझ्या वर्गाला लागून इतिहासाचा वर्ग होता. मधली भिंत अशी पातळ की इतिहासाच्या प्राध्यापकांचा आवाज माझ्या तासाला ऐकू यायचा. ते चंपारण्याचा सत्याग्रह शिकवत आणि मी अ‍ॅनिलीन. दोघांनीही आपापलं काम चोख केलं. पण त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट चालू आहे, हे आम्हाला दोघांनाही निवृत्त होईपर्यंत सुचलं नाही.

निळीचा जुलूम आपल्याला सर्वसाधारण माहीत असतो. बंगालात 1859-60 साली रयतेनं नीळ पेरायला नकार दिला, दीनबंधू मित्रांनी 'नीलदर्पण' नाटक लिहिलं, त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या पायी जेम्स लाँग या पाद्र्याला 1861 साली महिनाभर तुरुंगात बसावं लागलं. त्यानंतर निळीचं ठाणं बिहारकडे सरकलं. चंपारण्यात पद्धत होती 'तीनकठिया'ची. बिघ्यात वीस कठ्ठे. त्यातल्या तीन कठ्ठ्यांवर कुळानं मळेवाल्या साहेबासाठी नीळ लावायचीच, आणि भाव साहेब सांगेल तो.

मग जर्मन नीळ आली. 1897 साली जगात झाडांपासून सुमारे 19,000 टन नीळ निघत होती, बहुतेक हिंदुस्थानात. 1914 पर्यंत ती हजार टनांवर आली. माझी भाबडी समजूत अशी होती की चला, निदान शेतकरी तरी सुटला! रसायनशास्त्रानं न बोलता गुलामगिरी मोडली. मी रसायनशास्त्राचा मास्तर, मला असं वाटणं साहजिकच होतं. पण झालं ते उलटं. भाव कोसळल्यावर मळेवाल्यांनाच नीळ नकोशी झाली. पण नीळ लावायचं बंधन होतं कुळावर. तेव्हा साहेब म्हणाले, आम्ही तुम्हाला या बंधनातून मोकळं करतो. बदल्यात खंड वाढवून द्या. याला नाव 'शरहबेशी'. जिथं खंड वाढवता येत नव्हता तिथं एकरकमी भरपाई, तिचं नाव 'तावान'. रोकड नसेल तर रोखे लिहून द्या आणि व्याज भरा. जी नीळ जगाच्या बाजारात मरत होती, तिच्यातून सुटण्याची किंमत कुळांकडून वसूल झाली. लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात झालेल्या शोधाचं बिल मोतीहारीच्या शेतकऱ्यानं भरलं, आणि ते कशाचं बिल आहे हे त्याला बहुधा सांगितलंही गेलं नाही. पुढे महायुद्धात जर्मन रंग येईनासे झाले, निळीला पुन्हा भाव आला, आणि काही मळेवाल्यांना परत निळीची आठवण झाली.

1916 च्या लखनौ काँग्रेसमध्ये राजकुमार शुक्ल या शेतकऱ्यानं गांधीजींना गाठलं आणि ते हो म्हणेपर्यंत पिच्छा सोडला नाही. एप्रिल 1917 मध्ये गांधीजी मोतीहारीला पोचले. गावोगावच्या हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. सरकारी चौकशी समिती नेमली गेली, तिच्यात गांधीजीही सभासद होते. तावानाच्या रकमेपैकी पंचवीस टक्के परत करायचं ठरलं, खंडवाढ कमी झाली आणि 1918 च्या कायद्यानं तीनकठिया संपली. फक्त पंचवीस टक्के का, असं आपल्याला वाटतं. पण साहेब पैसे परत करतो, हेच तिथं नवीन होतं.

जर्मनीतल्या कामगारांची कहाणीही सुखाची नाही. अ‍ॅनिलीन कातडीतून शरीरात शिरतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्याच्या कामी निरुपयोगी करतं. माणसाचे ओठ निळे पडतात. नावाशी इतकं इमान पदार्थानं राखायला नको होतं. 1895 साली फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी किरमिजी रंगाच्या कारखान्यातल्या तीन कामगारांना मूत्राशयाच्या गाठी झाल्याचं नोंदवलं. या रोगाला 'अ‍ॅनिलीन कॅन्सर' म्हणू लागले. पुढच्या अर्धशतकात कळलं की मुख्य गुन्हेगार त्याच कारखान्यातली बेंझिडीन आणि बीटा नॅफ्थिलअमाइन ही दुसरी रसायनं होती. सैल वापरलेला शब्द असा महागात पडतो: अ‍ॅनिलीनचं नाव पुढे राहिलं आणि खरी विषं त्याच्या आड कैक वर्षं कारखान्यांत राहिली. अर्थात अ‍ॅनिलीनही निर्दोष सुटलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2020 साली त्याला 'बहुधा कर्करोगकारक' पदार्थांच्या यादीत टाकलं. तीसेक वर्षं ते हातमोज्यांशिवाय हाताळणाऱ्या माझ्या पिढीच्या शिक्षकांनी हे वाचलं, तेव्हा एकमेकांना फोन केले.

आपल्या महाराष्ट्रातही अ‍ॅनिलीन बनत असे. पनवेलजवळच्या रसायनी इथं हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता. परदेशावर अवलंबून राहावं लागू नये म्हणून 1960 साली ही कंपनी काढली गेली. विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी तिथं गेलो होतो; गेटातून आत शिरताच तो ओळखीचा वास आला आणि पोरं एकमेकांकडे बघून हसली. 2017 साली तो कारखाना बंद करायचा निर्णय झाला. आज जगातल्या अ‍ॅनिलीनचा मोठा वाटा रंगांत जातच नाही, तो फोमच्या गाद्यांत आणि फ्रिजच्या भिंतींत भरायच्या पॉलियुरेथेनकडे जातो. आणि जाता जाता, आजीच्या काळापासून धोतर-सदऱ्याला देतो ती पुडीतली 'नीळ' अलीकडच्या काळात अल्ट्रामरीन नावाच्या खनिज रंगाची असते. तिच्यात ना झुडूप, ना अ‍ॅनिलीन.

खरी नीळ आता भेटते ती जीन्समध्ये. तिचा बहुतेक रंग आजही कारखान्यात अ‍ॅनिलीनपासूनच निघतो आणि त्यात थोडंसं अ‍ॅनिलीन शिल्लक राहून कापडात उतरतं. म्हणून 2018 साली एका स्विस कंपनीनं नवी नीळ बाजारात आणली आणि तिची जाहिरात केली 'अ‍ॅनिलीनमुक्त नीळ' अशी. मी ती जाहिरात वाचली आणि जुन्या सवयीनं शब्दाची फोड केली. नीळमुक्त नीळ. नातीला हे सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "आजोबा, पण मग ती महाग असेल ना?"